शून्य बाइट

फुलसावंगीच्या स्टँडवर माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान. पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून द्यायचंही काम मी करायचो. कोणाचाही पेनड्राइव्ह आला की आधी फॉरमॅट मारायचा, मग गाणी टाकायची. विचारायचं नाही. गावभरचे व्हायरस माझ्या कॉम्प्युटरात कायले घ्यायचे?

विमलताईंचाही तसाच मारला. त्या बाकावर टेकेपर्यंत काम झालं होतं.

"राजकुमारभाऊ, त्याच्यात आमच्या प्रियंकाचं गाणं हाये," त्या म्हणाल्या. "विहारात म्हटलेलं. रविवारी तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन. मोठ्या स्पीकरवर लावून द्या. तिचा आवाज तेवढाच राह्यला."

प्रियंका त्यांची एकुलती एक पोर. आदल्या हंगामात कापूस वेचताना साप चावून ती गेली. बोंडअळीनं यंदा अख्खा तालुका रडवला होता, पण विमलताईंना कपाशीचं काही सुचतच नव्हतं.

मी घाईनं स्क्रीनवर पाहिलं. वापरलेली जागा शून्य, शिल्लक जागाही शून्य. नुसतं गाणं पुसलं असतं तर परत काढलं असतं, पण इथं पेनड्राइव्हच कॉम्प्युटरला सापडेना. पोर्ट बदलला, पुन्हा फॉरमॅट मारला. 'डिस्क घाला' एवढंच येई. अरे, घातलेलीच तर आहे!

"जरा खराब दिसते, ताई. पाहतो मी," असं खोटं बोललो. लाज वाटली, तरी बोललो.

शनिवारी दुपारी, शेवटचा उपाय म्हणून, तो सरळ स्पीकरला खोचला. डिस्प्लेवर नुसती शून्यं. आणि गाणं सुरू झालं.

पोरीचा स्वच्छ आवाज, मागे विहारातल्या टाळ्या. ब्लूटूथ बंद केलं, रेडिओ बंद केला. गाणं चालूच. शेजारचा चहावाला उत्तमसिंग डोकावला.

"कोन गाऊन राह्यलं बे? लय गोड गळा हाये."

अंगावर काटा आला. पण सुटलो बुवा, असंही वाटलं. कारण शोधत बसलो नाही.

रविवारी विहारात पन्नासेक माणसं जमली. वंदना झाली. विमलताई पुढे बसल्या होत्या, अगदी स्पीकरजवळ. मी बटण दाबलं.

प्रियंका गायला लागली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. तिचा बाप धर्मपाल भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला.

विमलताई स्पीकरकडे पाहत होत्या. मान पुढे करून, कोरड्या डोळ्यांनी.

गाणं संपलं. टाळ्या थांबल्या.

मग तोच आवाज म्हणाला, "आई, कसं झालं वं माझं गाणं?"

सगळ्यांनी विमलताईंकडे पाहिलं.

"सांग ना, आई." आता जरा रुसून.

विमलताईंनी हळूच माझी बाही ओढली.

"भाऊ, लावता कवा? लोकं कवाचे बसून हायेत."