वरची खाच

ट्रॅक्टर रस्त्याच्या ऐन मधोमध बंद पडला आणि मागून सायकलची घंटा वाजली.

"रस्ता विकत घेतलाय का?"

मी वळून पाहिलं. चौकातल्या गॅरेजात नवीन आलेला मेकॅनिक. कानामागे सुतारासारखी पेन्सिल खोचलेली.

"डिझेल संपलंय," मी सीटवरूनच म्हटलं.

"काटा तर अर्ध्याच्या वर आहे."

"काटा खोटं बोलतो."

"काटा खोटं बोलतो... की चालवणारीचं लक्ष नसतं?"

माझे डोळेच भरून आले. बाबाही अगदी हेच म्हणायचे. त्यांचा गुडघा कामातून गेल्यापासून ट्रॅक्टर मीच चालवत होते. बावीस वर्षांची होते, आणि ती सीट म्हणजे माझं राज्य होतं. पण डिझेल संपायची ही दुसरी वेळ. "आणखी एकदा असं झालं, तर ड्रायव्हर ठेवीन," पहिल्या वेळीच बाबांनी बजावलं होतं.

माझा चेहरा बघून तो मागे वळला. सायकलवरून डिझेल घेऊन आला, इंजिनातली हवा काढली आणि जाताना म्हणाला, "उद्या गॅरेजात आणा."

दुसऱ्या दिवशी त्याने टाकीतला तरंगता गोळा वरखाली करून पाहिला. काटा शहाण्या मुलासारखा त्याच्याबरोबर वरखाली झाला.

"हा तर नीट आहे. पण तुमच्यावर विश्वास ठेवून बघतो. चालवा, मी शेजारी बसतो."

तीन दिवस संध्याकाळी तो चाकावरच्या मडगार्डवर बसून माझ्याबरोबर फिरला.

"काटा इकडे आहे," मी एकदा म्हटलं.

"माहीत आहे. पण... इकडेही काहीतरी हलतंय."

"काय?"

"तुमची बट."

मी गिअर चुकले.

तिसऱ्या दिवशी फाटक उघडायला मी खाली उतरले, तोच तो ओरडला, "थांबा. परत बसा."

बसले.

"उठा... बसा... उठा."

"शाळेतली शिक्षा आहे का ही?"

"काट्याकडे बघा ना."

मी उठले की काटा खाली यायचा. बसले की टुणकन अर्ध्याच्या वर. टाकीतून येणारी वायर सीटच्या स्प्रिंगखाली घासून उघडी पडली होती. वजन पडलं की ती लोखंडाला चिकटायची. बाबा काटा तपासायचे ते शेजारी उभे राहून, म्हणून त्यांना तो नेहमी बरोबरच दिसायचा.

"तुम्ही बसलात की बिघडतो," तो हळूच म्हणाला. "तो एकटाच नाही..."

बाबा लंगडत आले, स्वतः सीटवर बसले. काटा टुणकन वर गेला. कितीतरी वेळ ते स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले.

"उगाच बोललो गं तुला. तूच चालव."

नवी वायर बसली. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आता त्याने यायचं कशाला?

निघताना त्याने लाकडाची एक पट्टी माझ्या हातात दिली. तिला दोन खाचा होत्या.

"टाकीत बुडवून बघायची. खालच्या खाचेवर आलं की डिझेल भरायचं."

"आणि ही वरची?"

त्याने फडक्याला हात पुसले. स्वच्छ झालेले परत पुसले.

"ती... तिथपर्यंत ओली करून आणलीत, तर मी तुमच्या बाबांशी बोलायला येईन. नाही आणलीत, तर नुसती पट्टी समजा."

सकाळी मी टाकी भरायला घेतली.

"आज तर काही काम नाही," बाबा म्हणाले.

"असू दे, बाबा."

गॅरेजात गाडीखालून त्याचे फक्त पाय दिसत होते. मी पट्टी खाली सरकवली. काळी बोटं बाहेर आली, चाचपत वरच्या खाचेपाशी थांबली.

"ओली आहे," गाडीखालून आवाज आला.

"काठोकाठ भरलीय," मी म्हटलं.

घाईघाईने उठताना त्याचं डोकं ठाणकन आपटलं. कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं. त्या टेंगळासकटच हे संध्याकाळी बाबांसमोर येऊन बसले.