हेडफोनपुरता आवाज

दुपारचे बारा ही त्या घरातली मध्यरात्र.

भिंतींना कान असतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लॅपटॉपलाही असतात.

भाजून बरी झालेली कातडी गुळगुळीत दिसते, चष्म्याच्या नव्या काचेसारखी.

"आवाज न होणारी गिटार आहे का?"

"आहे की. शेजारच्या दुकानात. तिला झाडू म्हणतात."

विचारणारी मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. उत्तर देणारा वाद्यांच्या दुकानातला वायरी जोडणारा. ती हसली नाही. तिचा चेहरा पाहून त्याचंही हसू मावळलं. मग त्यानं नीट विचारलं, आणि तिनं खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं.

वडील रात्रपाळीला कारखान्यातला बॉयलर सांभाळत आणि दिवसा झोपत. त्यामुळे ती आणि ताई लहानपणापासून घरात कुजबुजतच बोलत. भांडणंसुद्धा कुजबुजत. एकदा, फक्त एकदा, तिनं गिटार आवाज वाढवणाऱ्या ॲम्पला जोडून मनसोक्त वाजवली होती. वडील रागावले नाहीत. उठले, पाणी प्यायले, पुन्हा आडवे झाले. त्याच रात्री कामावर वाफेच्या नळीनं त्यांचा हात भाजला. डुलकी लागली असणार... माझ्यामुळेच. तिला कुणी बोल लावला नाही. म्हणूनच तो तिच्या मनातून गेला नाही. आता तारेला नुसतं बोट लागलं तरी छातीत धस्स व्हायचं.

"मग ॲम्प नकोच," तो म्हणाला. "हा छोटा खोका घ्या. गिटार खोक्याला जोडायची, खोका लॅपटॉपला. आत ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. कितीही गडगडाट करा, तो हेडफोनपुरता."

"बाहेर फुटला तर?"

"नाही फुटणार. घरी येऊन जोडून देतो. दुकानाचा नियमच आहे तसा."

तो आला तो चपला जिन्यातच काढून. खोक्यावरचं बटण हळूहळू फिरवत त्यानं कानाशी कुजबुजून सांगितलं – हिरवा दिवा लागला की बरोबर. लाल लागला की जास्त झालं. तिनं तार छेडली. स्वर आला, पण बोटामागून रेंगाळत, उशिरा. ती दचकली. त्यानं लॅपटॉपवरचा एक आकडा कमी केला... आणि बोट नि स्वर एकदम निघाले. तिचे डोळे भरून आले तसा तो आधीच गुंडाळलेली केबल पुन्हा गुंडाळत बसला.

जाताना त्यानं बजावलं होतं, की आधी खोका लावायचा, मग सॉफ्टवेअर उघडायचं. उलटं केलं तर ते हाताला लागेल तो माइक धरून बसतं.

पण भीतीपुढे शहाणपण टिकतं थोडंच? न जाणो, आपोआप वाजलं तर... म्हणून ती रोज खोका काढून कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी आधी सॉफ्टवेअर उघडून आवाज शून्यावर आहे ना ते बघायची, आणि मगच खोका लावायची. एके दिवशी खोक्यातून काहीच ऐकू येईना. तिनं हेडफोन सरळ लॅपटॉपला लावला. आवाज आला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तिनं त्याला कळवलं. एव्हाना 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. एक तुकडा रेकॉर्ड करून पाठव, असं त्याचं उत्तर आलं.

ती वाजवत असताना ताई डोकावली. तिनं हेडफोन काढला, दोघी जराशा बोलल्या, मग तिनं पुढचं वाजवलं. कामावर जायची घाई. न ऐकताच तुकडा पाठवून दिला.

चष्म्याच्या दुकानात जरा उसंत मिळाल्यावर तिनं फोन कानाला लावला. गिटार कुठेतरी लांब, विहिरीत पडल्यासारखी. आणि मग ॲम्पच्या पुऱ्या गुरगुराटात एक राक्षस बोलला, "तो वायरवाला पुन्हा येणार का गं?" दुसरा राक्षस गरजला, "येऊ दे ना... मला तो आवडतो."

तिच्या हातातली काच निसटली.

त्याचा निरोप आलेलाच होता. इनपुट चुकलंय, लॅपटॉपचा माइक चालू आहे, उद्या दुपारी येतो. बस्स, एवढंच. रात्रभर तिनं त्यातला एकेक शब्द उलटासुलटा करून पाहिला. बिचारा फक्त खोका परत न्यायला येत असेल...

तो आला. मुकाट्यानं इनपुट बदललं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पलीकडे बाबा झोपलेले.

"तू... सगळं ऐकलंस?" तिनं कुजबुजून विचारलं.

"ताईंचा प्रश्न ऐकला. पुढचं बंद केलं."

"का?"

"ते माझ्यासाठी वाजवलेलं नव्हतं." तो केबलकडे बघत होता. "पण... उत्तर काय होतं?"

तिचे ओठ हलले. तो पुढे वाकला. त्याला काही ऐकू आलं नाही.

"अगं, जे काय आहे ते नीट बोल," आतून वडिलांचा आवाज आला.

ती गारठली.

"अर्धीच कुजबुज कानावर येते, आणि उरलेलं काय असेल या विचारात मी जागा. किती वर्षं झाली! काल त्या गिटारीच्या बारीक किणकिणीनं बरा डोळा लागला होता माझा. ती थांबली नि तुम्ही दोघी दाराशी खुसपुसायला लागलात."

"बाबा... तुमचा हात... डुलकी..."

"कसली डुलकी? नळीवरचं वेष्टन निघालं होतं. सांगितलंही असतं, पण या घरात मोठ्यानं विचारतंय कोण?"

भीती गेली नव्हती, फक्त आता तिला उभं राहायला जागा उरली नव्हती.

"मला तो आवडतो," ती म्हणाली. राक्षसाच्या नाही, स्वतःच्या आवाजात. खिडकीची काच किंचित झंकारली. मग घाबरून तिनं त्याला विचारलं, "लाल?"

"नाही," तो म्हणाला. त्याचाच आवाज आता कुजबुजीएवढा झाला होता. "हिरवा."

घरी जाऊन जोडणी करून देण्याचा नियम वाद्यांच्या त्या दुकानात कधीच नव्हता.