देझोर्म मूळचे कुठले

"माझे पूर्वज इथे मिळतील का?"

दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे मी वर पाहिलं. सप्टेंबरातली दुपार होती, मी सफरचंद खात होते आणि तो फ्रान्सातल्या आमच्या पर्श भागाच्या चिखलाने गुडघ्यापर्यंत माखला होता.

"मेलेले की हरवलेले?" मी विचारलं.

"हरवलेले. खाली नगरपालिकेत म्हणाले, गावाचं जुनं दप्तर तुझ्याकडे असतं."

तुझ्याकडे! आमच्याकडे शेजाऱ्याला 'तू' म्हणायला दहा वर्षं लागतात. आणि उच्चार असे, की एखादा खापरपणजोबाच चर्चच्या मागच्या कबरीतून उठून आलाय.

"क्वेबेकचे दिसता तुम्ही."

"इतकं वाईट बोलतो?"

"नाही... इतकं जुनं."

तो मोठ्याने हसला. नाव फाबियां देझोर्म. शाळेत इतिहास शिकवायचा. त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष मातुरें देझोर्म साडेतीनशे वर्षांपूर्वी आमच्याच गावातून समुद्रापार गेला होता. तिकडच्या लग्नाच्या नोंदीत गावाचं नाव स्पष्ट होतं. पण आमच्या जुन्या नोंदवह्यांत एकही देझोर्म नव्हता!

"बाबांची नजर जात चाललीय," तो म्हणाला. "रोज फोनवर विचारतात, 'आपण कुठले ते कळलं का रे?'"

मी वह्या काढल्या. तो रोज येऊ लागला. पान उलटताना त्याची बोटं माझ्या बोटांपाशी येऊन थांबायची... आणि मग दोघंही उगाच अक्षर लावत बसायचो.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, तो जेवायला गेला असताना मला नोंद सापडली. लग्नाआधी चर्चमध्ये तीनदा करायची घोषणा दोनदा झालेली, तिसऱ्यांदा नाही. कडेला पाद्रीबुवांचं बारीक अक्षर: 'मातुरें ब्रिझार, एल्मांच्या वाडीवरचा, तीन वर्षांच्या करारावर न्यू फ्रान्सला गेला.'

न्यू फ्रान्स म्हणजे आजचं क्वेबेक, आणि एल्मच्या झाडाला आमच्या भाषेत म्हणतात 'ऑर्म'. एल्मांच्या वाडीवरचा... देझोर्म!

खालून पायऱ्यांवर त्याची शीळ ऐकू आली. आता हे दाखवलं की तो उद्याच जाणार. मी वही मिटली आणि कपाटात सर्वांत खाली सारली.

"काही मिळालं?"

"छे," मी म्हणाले.

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "आज बाबांना काय सांगू?"

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी त्याला चुकीच्या वह्या देत राहिले आणि तो मला तिकडच्या बर्फाच्या गोष्टी सांगत राहिला. शुक्रवारी माझ्या तोंडून 'तू' निघून गेलं. तो कानापर्यंत लाल झाला.

सोमवारी मात्र मला राहवेना. संध्याकाळी मी त्याला गावाबाहेर त्या वाडीवर नेलं. एल्मची मोठी झाडं माझ्या आईच्या लहानपणीच रोगाने गेली. कुंपणात मात्र त्यांच्या मुळांतून अजूनही फुटवे येतात.

"ही तुझी झाडं," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

"कधी सापडलं?"

"मंगळवारी."

"ओदील, आज सोमवार आहे."

"हो."

"आणि बाबा रोज—"

"माहीत आहे. म्हणूनच तर... मला क्षमा कर. तू गेला असतास, फाबियां."

तो बराच वेळ एक खरबरीत पान चोळत राहिला. "गेलो नसतो," तो हळूच म्हणाला. "शनिवारचं तिकीट मी पुढे ढकललंय. वह्यांसाठी नाही."

मग तिथूनच त्याने वडिलांना फोन लावला. तिकडे दुपार होती. म्हाताऱ्याचा आवाज मलाही ऐकू आला: "म्हणजे आपण ब्रिझार रे?"

"नाही बाबा. आपण देझोर्मच. तिकडे जाऊन त्याला घरची झाडं आठवत राहिली, म्हणून आपण देझोर्म."

 पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

परतताना त्याने विचारलं, "जिच्याशी लग्न ठरलं होतं तिचं काय झालं?"

"पेरिन. तिची लग्नाची नोंद नाही. थेट मृत्यूची आहे. एकसष्टाव्या वर्षी, अविवाहित."

तो थांबला. माझा हात त्याच्या हातात होता, आणि गार पडला होता.

बुधवारी मी त्याला स्टेशनावर पोचवलं. "बाबांना एकटं सोडून मला इकडे राहता येणार नाही," तो म्हणाला. "आणि तू माझी वाट पाहावीस असं म्हणायचा मला हक्क नाही."

"मी वाट पाहणार नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. मला पुढचं वाक्य बोलायचं होतं, पण गाडी आली, दार लागलं आणि काचेवर त्याचा तळवा सरकत दूर गेला.

पंधरा दिवस मी पत्रं लिहिली, फाडली. गावात सायडरच्या दारूसाठी सफरचंदं गोळा होत होती, सगळी हवा त्या आंबूस वासाने भरली होती, आणि मला कशाचीच चव लागत नव्हती.

सोळाव्या दिवशी मी आमच्याच नगरपालिकेत, खालच्या मजल्यावर, मैत्रीण सोलांजच्या टेबलासमोर जाऊन बसले. आयुष्यात मी कधी देशाबाहेर गेले नव्हते.

"पासपोर्ट? तुला?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "इतकी वर्षं तर मेलेल्यांत बसलीस. आता कुठे निघालीस?"

"क्वेबेकला. जे त्याला स्टेशनावर सांगायचं राहिलं, ते सांगायला."

तिने आणखी काही विचारलं नाही. माझं बोट धरून ठशांच्या यंत्राच्या काचेवर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.

"अगं, ठसा उमटत नाहीये," ती म्हणाली. "जरा थरथरू नकोस ना..."