रोपवाटिकेतला पेशंट

चुडामणचा यात फायदा काय, हेच सुनंदाला कळेना. एका म्हाताऱ्याला रोज झाडांच्या सावलीत बसवायचं, हातात खुरपं द्यायचं, दोनदा चहा पाजायचा... आणि बदल्यात काहीच नको? जळगावच्या पोस्टात खिडकीमागे बसून तिने सहा वर्षं माणसं पाहिली होती. उगाच गोड वागणारा एकही त्यात नव्हता.

ओळख झाली तीही अवचित. आई वारली आणि थोड्याच दिवसांत वडिलांनी, आबांनी, घरात बोलणं सोडलं. ज्येष्ठात एकदा ते दुपारभर सापडेनात. संध्याकाळी चुडामण त्यांना सायकलवर घेऊन दारात.

"हे तुमचेच का? मेहरूणला माझ्या रोपवाटिकेत गुलाबांशी बोलत होते."

"आमच्याशी तर बोलत नाहीत!"

"गुलाब उलट बोलत नाहीत ना..." तो हसला. तिने दार जरा जोरातच लावलं.

पण आबा दुसऱ्या दिवशी निघालेच. जाताना वाट सापडायची, परतीची म्हणे आठवत नसे. मग पोस्ट सुटलं की त्यांना आणायला सुनंदा.

श्रावणात गावठी बोरीवर मेहरूणच्या बोराचं कलम करायला डोळे भरायचं काम निघालं. चुडामण सालीला छेद देऊन डोळा बसवायचा. वरून पट्टी बांधायला आबांचा हात थरथरे. "मॅडम, तेवढी पट्टी तुम्ही बांधता?" भुरभुर पावसात ती बांधू लागली. बोटाला बोट लागलं की दोघंही झाडाकडे बघत.

"इतकी घट्ट नका बांधू. जीव गुदमरतो."

"झाडाचा?"

"सध्या... झाडाचाच."

लबाड! तिला घराशेजारची आबांच्या नावावरची मोकळी जागा आठवली. आबांची सही घेतली की ती याचीच. तरी रोज आल्याबरोबर ती आधी कुठला डोळा फुटलाय तेच बघे. रात्री पाठ टेकताच झोप लागे, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही.

एका शनिवारी पोस्ट लवकर सुटलं. फाटकाशीच ती थबकली. आत आबा मोठमोठ्याने गप्पा मारत होते, आणि हातातल्या चाकूने सालीला सरळ छेद देत होते! तिला पाहताच त्यांचं तोंड मिटलं, हात थरथरू लागला.

ती चुडामणकडे वळली. "उद्यापासून आबा येणार नाहीत. कशासाठी चाललंय हे नाटक? जागेसाठी?"

"कुठली जागा?" तो गोंधळला. "अहो, आबाच म्हणाले, पेशंट तुम्ही आहात."

"मी?"

"आई गेल्यापासून झोपत नाही, गोळ्या घेते, बागेत चल म्हटलं तर वेळ नाही म्हणते. 'मनी पोर हासत नही शे, तिले झाडंसमा बठाड.' तुम्ही हसावं, झाडांत बसावं म्हणून पट्टी तुमच्या हातात दिली. आबांचा हात माझ्याहून स्थिर आहे!"

सुनंदाने आबांकडे पाहिलं. आबांना अचानक बोरीवरची मुंगी फार महत्त्वाची वाटू लागली. झोपेची शेवटची गोळी कधी घेतली, तिला आठवेना. नागपंचमीच्या आधी?

"आणि तुमचा फायदा?" आवाज तिला हवा तितका कडक निघाला नाही.

"तेव्हा काही नव्हता. आता आहे... म्हणून तर भीती वाटते. तुम्ही बऱ्या झालात. उद्यापासून कशाला याल?"

वरच्या पानांतून थेंब टपकले. मग खाली पडलेली पट्टी तिने उचलली.

"अजून दोन ओळी राहिल्यात. छेद द्या... आणि माझ्याकडे बघत देऊ नका, बोट कापेल."

"कापू द्या."

"मग बांधणार कोण? मीच ना?"

तो दिवाळीनंतर मागणी घालायला आला, तेव्हा हिशेब स्पष्ट झाला. सुनंदाला झोप मिळाली, हसू मिळालं, वर नवरा. चुडामणला मिळाली आयुष्यभर संशय घेणारी बायको, आणि तो त्यातच खूश. किंमत मोजली ती आबांनी. बेचाळीस वर्षांची सोबतीण गेली, आणि लेकीने दुःखातून पाय बाहेर काढावा म्हणून हा माणूस तिच्या घरात मुका बसला. चार महिने घरात बायकोचं, वच्छलाबाईचं नाव एकदाही घेऊ शकला नाही.