दोन मर्डो आणि पुढची जागा

लाल टोपी वाऱ्याने उडवली आणि ती नेमकी टॉर्मडच्या पायाशी जाऊन पडली. दोन हात अलीकडे पडली असती तर माझ्या पायाशी आली असती, आणि मी ती लाथेने गटारात घातली असती… पण लुईस बेटावरचा वारा माझ्या बाजूने कधी वाहिलाय?

बस नुकतीच गेली होती. पाऊस आडवा झोंबत होता. बसमधून उतरलेली ती माझ्याच वयाची पोर, मोकळ्या केसांनी धावत आली. टॉर्मडने टोपी उचलली, झटकली, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. जशी काही त्यात अंडी होती!

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. आमच्याच भाषेत. पण कशी, तर माझी पणजी बोलायची तशी, जुनी जुनी.

टॉर्मड खुळ्यासारखा हसला. टेकडीपलीकडच्या गावचा हा टॉर्मड मॉरिसन आठवड्यातून दोनदा दुकानाची गाडी घेऊन आमच्या दारात यायचा. चहा, साखर, पीठ, दोरे. तीन वर्षं मी त्याच्याकडून साखर घेत होते. माझ्यासाठी तो असा हसला नव्हता.

"मी व्हर्ना मॅकास्किल. केप ब्रेटनहून आलेय, कॅनडातून. माझे पणजोबा इथून जहाजाने गेले. त्यांचं घर शोधायचंय."

"नाव काय त्यांचं?" टॉर्मडने विचारलं.

"मर्डो मॅकास्किल."

मला हसू आवरेना. आमच्या गावात डोळे मिटून दगड फेकला तरी मॅकास्किललाच लागतो. मी स्वतः किर्स्टी मॅकास्किल. आणि मर्डो तर दर दोन घरांआड एक.

"मग बसा आता शोधत," मी म्हणाले. "म्हातारपणापर्यंत सापडेल."

"मी नेतो ना तुम्हाला," टॉर्मड म्हणाला. "माझी गाडी सगळ्या गावांत जाते." आणि त्याने गाडीचं दार उघडलं. पुढचं! साखरेचं पोतं उचलून मागे टाकलं आणि बाईसाहेबांना आपल्या शेजारी बसवलं.

ती जागा… जाऊ दे. तेव्हा मी फक्त शाल घट्ट ओढली आणि घरी आले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझ्या मागालाच माहीत. ट्वीडचं कापड विणत होते. करड्यात निळी रेघ यायची, तिथे तांबडी आली. दोन वार उसवावे लागले. खिडकीतून रस्ता दिसायचा. गाडी आली की मागावरचे पाय आपोआप थांबायचे. पुढे ती लाल टोपी, तिच्याशेजारी तो, आणि दोघांचं हसणं काचेतून दिसायचं. ऐकू येत नसे, म्हणून तर जास्त जळायचं.

"माग बंद पडला का गं?" आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

"धागा तुटला!"

"त्या गाडीचा आवाज आला की बरा तुटतो तुझा धागा."

गावातल्या बायकांना तर आयतंच मिळालं. विहिरीवर कोणी म्हणे, ती त्याच्या घरी हेरिंग मासे आणि बटाटे जेवली. कोणी म्हणे, काट्यासकट खाल्ले तिने, कौतुक केलं. मी म्हटलं, "काटा घशात अडकला नाही का? अरेरे."

एका शुक्रवारी गाडी आमच्या फाटकाशी थांबली. आज तो एकटाच होता. मी साखर मागितली. त्याने पुडा बांधताना माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दोऱ्याकडे पाहिलं.

"आज पुढची जागा रिकामी?" मी म्हणाले. "राणीसाहेब आजारी आहेत का?"

"दफनभूमीत आहे ती. दगड वाचतेय." मग तो हळू म्हणाला, "किर्स्टी, सगळी गावं पालथी घातली. तिच्या पणजोबांच्या बापाचं नाव नील. नीलचा मर्डो म्हणून एकच सापडतो, तो तुमच्या दफनभूमीत. पण तो इथेच मेला, मग कॅनडाला गेला कसा? म्हणजे तो तिचा नव्हेच. सोमवारी तिला दक्षिणेकडे हॅरिसला नेतो. तिकडे आठवडाभर तरी लागेल."

"आठवडाभर… दोघं?"

"आणि अजून एक. तिच्या वडिलांची लाकूडगिरणी आहे. ट्रक चालवायला माणूस हवाय. ती म्हणते, तू चल. माझा भाऊ तिकडेच गेलाय, तुला माहीतच आहे."

माहीत होतं की. त्याचा भाऊ गेला तो गेलाच. आमच्या किनाऱ्यावरून जहाज माणसं नेतं, आणायचं मात्र विसरतं. साखरेचा पुडा माझ्या हातात दबला, कोपरा फुटला. त्याने तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला, दुसरा दिला. त्याची बोटं गार होती…

नीलचा मर्डो. तो माझ्या बापाचा आजा! शेकोटीशी बसून बाबा आमची वंशावळ म्हणायचे: मी आंगसची किर्स्टी, आंगस जॉनचा, जॉन मर्डोचा, मर्डो नीलचा. आणि पुढे एक वाक्य दर वेळी, "नीलच्या घरी मर्डो दोन, एक थोरला, एक धाकटा." थोरला इथे पुरला. धाकट्याचं नावसुद्धा घराबाहेर सहसा कोणी घेत नसे, कारण तो गेला त्या दिवशी त्याची आई किनाऱ्यावर खडकासारखी बसून राहिली होती.

म्हणजे ती टोपीवाली आमचीच निघाली! बोलावं तर ती उद्या माझ्या घरात, माझ्या पलंगावर. न बोलावं तर सोमवारी हॅरिस, आणि हॅरिसनंतर लाकूडगिरणी.

टॉर्मड दफनभूमीकडे निघाला. मी शाल घेतली आणि मागोमाग गेले. साखर फाटकावरच राहिली.

दगडी कुंपणाशी पोचले तर काय पाहावं! पाऊस वाढलेला, आणि टॉर्मडने आपला कोट काढून दोघांच्या डोक्यावर धरलेला. खाली ती, खाली तो. ती थोरल्या मर्डोच्या दगडावरचं शेवाळ बोटाने काढत होती.

"माझ्या पणज्याच्या दगडाला हात लावू नकोस!" मी ओरडले. इतकं मोठ्याने की कुंपणावरचे बगळे उडाले.

व्हर्ना दचकली. "हा तुमचा?"

"माझा. तुझा म्हणजे याचा धाकटा भाऊ. त्याचंही नाव मर्डोच!"

"एका घरात दोघांना एकच नाव?" ती थक्क होऊन म्हणाली.

"मग काय करणार? पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. दोन्ही आजे मर्डो! एकाचं नाव ठेवायचं आणि दुसऱ्याचा अपमान करायचा?" मग मी टॉर्मडकडे वळले. "आणि तू रे! तुझ्या घरात एका नावाचे दोन भाऊ कधी पाहिले नाहीस?"

"माझे… दोन रोरीकाका आहेत," तो म्हणाला आणि कोट सोडून कपाळावर हात मारला. कोट चिखलात पडला. माझ्या जिवाला जरा गार वाटलं.

व्हर्ना मात्र रडायला लागली. "आमच्याकडे त्यांना सगळे धाकटा मर्डोच म्हणायचे. तिकडे त्यांना ना भाऊ, ना बहीण. आम्ही लहानपणी विचारायचो, कोणापेक्षा धाकटा? ते उत्तरच देत नसत." आणि तिने मला मिठी मारली. ओली, गच्च. माझे हात लोंबत राहिले. मग बघता बघता तिच्या पाठीवर गेले. रक्ताला लाज नसते.

माझा पलंग गेला. मी माळ्यावर. तिने माझा स्वेटर घातला, तर आई म्हणाली, "तुझ्यापेक्षा हिलाच शोभतो." रविवारी ती अंगणात शिट्टी वाजवत फिरली. रविवारी, देवाच्या दिवशी! मी नुसती गुणगुणले असते तर आईने सोलून काढलं असतं. तिला म्हणाली, "असू दे गं, धाकट्या मर्डोची पोर ती."

मंगळवारी गाडी आली. व्हर्ना दाराशी धावली, पण मी आधी पोचले.

"काय देऊ?" टॉर्मडने विचारलं.

"काही नको. पुढची जागा कोणाची आहे, एवढंच विचारायला आले."

"तुला तीनदा विचारलं होतं, बसतेस का. तू म्हणालीस, साखरेच्या पोत्याशेजारी बसायला मी काय बटाटा आहे?"

"चौथ्यांदा विचारायला जीभ झडली होती?"

तो गाडीतून उतरला. केसांवर पावसाचे थेंब… "गिरणीला नाही म्हणालो, किर्स्टी. तिला सांगितलं, मला बोट लागते."

"खरं कारण सांग."

"खरं कारण माझ्याकडे रागाने बघतंय."

मी बघतच राहिले. राग ठेवायचा होता, पण तो कुठे सांडला कळलंच नाही. "काकाला पाठव," मी म्हणाले. "शनिवारी."

"कोणत्या रोरीकाकाला?"

"जो कमी बोलतो त्याला."

पाठवला नेमका जास्त बोलणारा. मागणीच्या रीतीप्रमाणे मी मागच्या खोलीत, दाराच्या फटीशी. बाहेर शेकोटीभोवती सगळा गाव. रोरीकाका घसा खाकरून म्हणाला, "आंगस, ऐकलं की तुझ्या कळपात एक कोकरू आहे. माझ्या पुतण्याच्या गोठ्यात हिवाळ्यापुरती ऊबदार जागा आहे."

"हिवाळ्यापुरती?" बाबा गुरगुरले.

"सगळ्या हिवाळ्यांपुरती."

मग आधी चुकीची कोकरं दाखवायची, हीही रीतच. शेजारची विधवा पुढे आली. काकाने तिची लोकर वाखाणली आणि परत पाठवलं. सगळे हसले. आणि मग आईने कोणाला पुढे केलं? व्हर्नाला! माझ्या स्वेटरमध्ये, गाल लाल, डोळे चमकते.

काकाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. थांबला. दाढी खाजवली. "हं… उमदं आहे हो. डोळे बघा. दात बघा." पुन्हा थांबला.

आता हा म्हातारा बोलतो की नाही? दाराची मूठ माझ्या हातात आलीच होती…

"काका, पुरे!" टॉर्मड ओरडला. मुलाने बोलायचं नसतं. रीत मोडली. घर हादरेल इतके सगळे हसले.

"हे कोकरू कुंपण ओलांडून समुद्रापार पळणारं आहे," काका शांतपणे म्हणाला. "आम्हाला ते दुसरं दाखवा. दाराआड धुसफुसतंय ते."

व्हर्नानेच दार उघडलं आणि मला पाठीत ढकललं. पुढचं काय सांगू? टॉर्मड पुन्हा खुळ्यासारखा हसला. आणि या वेळी माझ्यासाठी.

ती गेली त्या दिवशी तिला बंदरावर सोडायला दुकानाचीच गाडी काढली. पुढची बैठक लांब, तिघं मावतात. व्हर्ना सवयीने टॉर्मडशेजारी चढायला गेली. मी तिचा हात धरून बाजूला केलं आणि आधी आत शिरले. मधली जागा माझी. खिडकीची तिला दिली. पाहुणी होती ना.