सातव्या खिळ्यावरचा बिल्ला

पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणारा माणूस नाही. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत, दिवसाउजेडी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी.

मामा बेटावर लाँच न्यायचा. बेट ओसाड. फार पूर्वी तिथली वस्ती हलवली, तेव्हा गडबडीत एक माणूस मागेच राहिला म्हणतात. तेव्हापासून लाँचवर एक पद्धत पडली. उतरताना प्रत्येकाने पितळी बिल्ला न्यायचा, परतल्यावर लाँचमधल्या फळीवर आपल्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचा. सगळे बिल्ले आले, तरच दोर सोडायचा.

त्या दिवशी अकरा जण होते. सात नंबर एका मास्तरांचा. ते बेटाचा इतिहास लिहीत होते.

"मास्तर, तो मागे राहिलेला भेटला तर माझा नमस्कार सांगा हं!" सकाळी ते उतरताना मामा त्यांच्या कानाशी म्हणाला होता.

संध्याकाळी अकराही बिल्ले आले. मामाने दोर सोडला.

तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली...

"अहो, थांबा! मी राहिलोय!"

मास्तर धावत येत होते. हातात बिल्ला. सात नंबरचा.

मामाने फळीकडे पाहिलं.

सातवा खिळा... रिकामा नव्हता.

आणि मागच्या बाकावर, मांडीवर वही घेऊन, पाठमोरे... मास्तरच बसले होते.

मामाने धक्क्याकडे ओरडून विचारलं, "मास्तर असाल तर सांगा, सकाळी मी काय म्हणालो?"

"नमस्कार सांगा म्हणालात! आता चेष्टा पुरे, लाँच वळवा!"

मागच्या बाकावरून, मान न वळवता, शांत आवाज आला...

"नमस्कार पोचला."

"अहो, कुणाशी बोलताय?" पुढे बसलेल्या एक काकू खेकसल्या. "धक्क्यावर चिटपाखरू नाही. चला लवकर, घरी पोरं वाट बघतायत."

मामाने पुन्हा मोजलं. डोकी अकरा. बिल्ले अकरा. ओहोटी लागली होती.

त्याने लाँच वळवली नाही.

हाका बराच वेळ ऐकू येत होत्या...

मग थांबल्या.

दुसऱ्या दिवशी धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर एक बिल्ला पडला होता. सात नंबरचा. खिळ्यावरचाही जागच्या जागी होता. आज दोन्ही माझ्या टेबलाच्या खणात आहेत. खरा कुठला, मला ओळखता येत नाही.

मास्तर सुखरूप घरी पोचले. वर्षभरात पुस्तकही आलं. त्या पडक्या घरांत चूल कुठल्या भिंतीला होती, कुणाच्या दाराची कडी सैल होती, इतकं बारीक लिहिलंय त्यात.

"मामा, तू मागे सोडून आलास ते कुणाला रे?" मी एकदा धीर करून विचारलं.

तो उठून आत गेला. मास्तरांनी पाठवलेली प्रत त्याने कधी उघडलीच नाही, माझ्याकडे देऊन टाकली.

काल मी पहिलं पान नीट पाहिलं. अर्पणपत्रिका एका ओळीची आहे...

"त्या संध्याकाळी जे थांबले नाहीत, त्यांना."

मामाला हे सांगावं की नाही, माझं अजून ठरत नाही.