पहिलं बोट

मोबाईलच्या काचेवर बोट टेकलं की पुढं काय करायचं, हे फोनला शिकवायचं माझं काम. घरचे एवढंच सांगतात, पोरगं कंपनीत हाय.

मुकादम मच्छिंद्रभाऊंसाठी ॲप केलं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी एकदम काचेवर अंगठे ठेवायचे, दोन ठिपके उमटले की ट्रकमध्ये जागा पक्की.

पाथर्डी रस्त्यावरच्या टपरीपुढं सकाळी नोंदणी सुरू झाली. लंकाबाई एकटीच आली.

"अर्धा कोयता नेत न्हाई," भाऊ म्हणाले. "तुझा सहादेव वारला. आता घरी बस."

"बसून दगड खाऊ व्हय?" तिनं अंगठा टेकवला.

दोन ठिपके. नोंद झाली.

"इंजिनेर, तुझ्या काचेला बाधा झाली!"

"चहा सांडला असंल," मी म्हणालो. काच पुसली. बाईला दुसरा हात पाठीमागं धरायला लावला. दोन. मी अंगठा ठेवला. एक. भाऊंचाही एक, एवढा जाडजूड असून.

ॲपमधली चूक, म्हणजे आमच्या भाषेत बग. सोडणार नव्हतो. आधी टेकलेल्या बोटाला फोन पहिला नंबर देतो, नंतरच्याला दुसरा. दुसऱ्या नंबरचं बोट धरायचंच नाही, अशी कोडची एक ओळ टाकली.

"मावशी, परत."

तिनं अंगठा ठेवला. तिच्या अंगठ्याखाली काहीच उमटलं नाही. ठिपका चार बोटं बाजूला होता, मोकळ्या काचेवर.

तिचा नंबर दुसरा होता.

मी ती ओळ पुसून टाकली. दोन ठिपके आले.

"बस गाडीत," भाऊ म्हणाले. तिच्याकडं न बघता.

लंकाबाईनं अंगठा उचलला. एक ठिपका तसाच राहिला.

"मावशी, हे..."

"मीच सांगितलंय त्यास्नी, मी गाडीत बसंस्तोवर अंगठा काढू नगा."

ती चढली. मग ठिपका गेला.

ट्रक खच्चून भरलेला. माणसं फाळक्याला लोंबकळत होती. लंकाबाईच्या शेजारी मात्र एका माणसाची जागा रिकामी. तिथं कुणीच सरकत नव्हतं.

टपरीपुढच्या वळणावर गाडी कलली. लंकाबाई त्या रिकाम्या जागेकडं झुकली, डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

गाडी सरळ झाली. ती तशीच टेकून होती.